कॅन्टीनचं कार्ड पाकिटात, दवाखान्याचं ट्रंकेत

हे प्रकरण कोरेगाव तालुक्यातल्या एका घरातलं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहते, तरी लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येतातच. या प्रकरणातली एक चूक माझी आहे. ती जिथे झाली तिथेच सांगते.

पार्श्वभूमी

आण्णा ७२ वर्षांचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पेन्शन सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास. मुलगा अडीच एकरांत आलं आणि घेवडा करतो. मी त्या गावची लेक, म्हणून मुलगा मला आत्या म्हणतो.

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची, पुढे नवरा-बायको दोघांनाही आयुष्यभर उपचार. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती वर्गणीही माफ आहे. म्हणजे आण्णांनी या कार्डासाठी एक रुपयाही भरलेला नाही, आणि मला वाटतं त्याची किंमत न कळण्याचं ते एक कारण असावं. २०२१ मध्ये वहिनींच्या मोतीबिंदूसाठी कार्ड काढलं, काम झालं, आणि ते काळ्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आणि मेडलांच्या डबीशेजारी जाऊन पडलं. फौजी कॅन्टीनचं कार्ड मात्र कायम पाकिटात. महिन्यातून एकदा साताऱ्याला चक्कर, साबण, तेल, आणि फौजी माणूस आणतो ते. ईसीएचएसचा दवाखाना, ज्याला पॉलिक्लिनिक म्हणतात, तो म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या मिळण्याची जागा, मोठ्या आजाराला ते कामाचं नाही, असा सगळ्या आळीचा समज.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्री आण्णांची लघवी पूर्ण बंद झाली. शेजाऱ्याची गाडी काढून सगळ्यांत जवळचं मोठं खासगी रुग्णालय गाठलं. लघवीची नळी (कॅथेटर) घातली, प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी केली तर १८४. बायोप्सी झाली, हाडांचं स्कॅन झालं. प्रोस्टेटचा कर्करोग, मणक्यात आणि बरगड्यांत पोचलेला. पाच दिवसांत ६८,००० रुपये बिल.

ते रुग्णालय योजनेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयांच्या यादीत, नव्हतं. जिवावर बेतल्यावर पॅनेलबाहेर भरती केलेलं योजनेला चालतं; पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं, मग सरकारी दरानं पैसे परत मिळू शकतात. ते ४८ तास रक्त-लघवीच्या रिपोर्टांच्या मागे धावण्यात गेले. ‘तुम्ही फौजी का?’ असं कुणी विचारलं नाही, आणि घरच्यांनाही सांगायचं सुचलं नाही.

घरी सोडताना तीन औषधं लिहून दिली. दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन. रोज अबिराटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम, उपाशीपोटी. आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. प्रोस्टेटच्या कर्करोगाला पुरुषी संप्रेरक खतपाणी घालतं. इंजेक्शन ते बनवणारा मुख्य झरा बंद करतं आणि अबिराटेरॉन उरलेले. दोन्ही सुरुवातीपासून एकत्र दिली तर हाडांत पसरलेल्या रुग्णांचं आयुष्य वाढतं, हे २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांमधून पुढे आलं. तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेलं औषध योग्यच होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे घरात सगळा राग त्या चिठ्ठीवर निघत होता.

अडचण

अबिराटेरॉनच्या १२० गोळ्यांच्या बाटलीवर ३९ हजारांच्या घरातली किंमत छापलेली. दुकानदार म्हणाला, "आपल्या माणसाला १८,५०० मध्ये देतो." निम्म्याहून कमी झाल्यावर पुढे कोण घासाघीस करतं? इंजेक्शन साडेदहा हजारांचं. म्हणजे महिन्याला सरासरी बावीस हजार, तीस हजारांच्या पेन्शनमधून.

जानेवारीत मुलाचा फोन आला. "आत्या, सत्तरीच्या वरच्यांना ते पाच लाखांचं कार्ड निघतंय. आण्णांचं काढू का?" मी भाजी चिरत होते. म्हणाले, "काढ की, असलेलं बरं." आण्णा फौजेत होते हे मला लहानपणापासून माहीत. पण ‘दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत आहेत का?’ हा प्रश्न, जो नोकरीत मी रोज वीस जणांना विचारायचे, तो मी विचारला नाही. आपल्या माणसाला आपण हिशेबानं सल्ला देत नाही.

२२ फेब्रुवारीला, शनिवारी, मुलगा त्यांना घेऊन महा ई-सेवा केंद्रात गेला. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना निघाला, ओटीपी आलाच नाही, आणि दोघं परत आले. त्या बंद पडलेल्या सिमकार्डाचे उपकार किती, ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला मी गावात होते. सकाळी आण्णांना बघायला गेले. देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर पांढरी बाटली होती, तिच्यावर दुकानदारानं पेननं लिहिलेलं ‘६/१’. हाताची सवय जात नाही. मी बाटली हलवली तर आतून आवाज आला. ६ जानेवारीला सुरू झालेली १२० गोळ्यांची बाटली, रोज चार, म्हणजे ४ फेब्रुवारीला संपायला हवी. तारीख होती २३. पेपर अंथरून मोजल्या, तर चोवीस गोळ्या शिल्लक. ४८ दिवसांत ९६ संपल्या होत्या. रोज दोन.

"आण्णा, चार सांगितल्यात ना?"

"दोनानं भागतंय." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "आल्याचा दर बघितलायस का यंदा?"

वहिनी चहाचं आधण ठेवून तशाच उभ्या राहिल्या. घरात कुणालाच माहीत नव्हतं. आणखी दोन गोष्टी निघाल्या. ‘स्टेरॉइडनं अंग सुजतं’ असं कुणीतरी पारावर सांगितल्यावर त्यांनी प्रेडनिसोलोन बंद केलं होतं. आणि त्या दोन गोळ्या ते उपाशीपोटी नाही, चहा-चपातीबरोबर घेत होते.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी ओसरीवर बसून आम्ही जे बोललो ते इथं जसंच्या तसं मांडत नाही, कारण निम्मा वेळ रडारड आणि साखरपुड्याचं जेवण यात गेला. पण पर्याय हे होते.

पहिला, तीच बाटली स्वस्तात शोधायची. कर्करोगाच्या औषधांवर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यात प्रचंड अंतर असू शकतं, हे मी नोकरीत पाहिलं होतं. मी चार ठिकाणी फोन केले. तीच मात्रा, तेवढ्याच गोळ्या, नावाजलेल्या कंपन्यांच्या. साताऱ्यात १४,०००, सांगलीत ९,२००, पुण्यात एका घाऊक दुकानात ७,४००. मुलगा दोन मिनिटं काही बोललाच नाही. पण ७,४०० सुद्धा दर महिन्याला, वर इंजेक्शन, तेही कायमचं. इंजेक्शनातलं ल्युप्रोलाइड २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आलेलं आहे, आणि अशा औषधांच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण असतं, त्यामुळे तिथं फार वर-खाली होण्यासारखं नव्हतं.

दुसरा पर्याय पाच लाखांच्या कार्डाचा. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आकडा मोठा, म्हणून लोकांना वाटतं आता गोळ्याही यातूनच. पण ही योजना मुळात भरती झालेल्या रुग्णाची. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस औषधं धरली जातात. कर्करोगाच्या ठरावीक उपचारांची पॅकेजेस आहेत, पण ती पॅनेलवरच्या रुग्णालयातून आणि यादीत असेल तेवढीच. दुकानातून आणलेल्या बाटलीचं बिल लावून पैसे मागायची सोयच त्यात नाही. आणि आण्णांच्या बाबतीत खरी मेख पुढे होती: ईसीएचएस किंवा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएससारख्या योजनेत असलेल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. खासगी विमा किंवा कामगारांची ईएसआय विमा योजना असेल तर हे कार्ड जोडीला चालतं, फौजी योजनेला चालत नाही. शनिवारी ओटीपी आला असता आणि केंद्रातल्या पोरानं घाईत ‘ईसीएचएस सोडतो’ला होकार भरला असता, तर जी योजना घरच्या औषधांचा खर्च उचलते ती हातची घालवून, जी उचलत नाही ती घेतली असती. माझ्या सल्ल्यानं.

तिसरा पर्याय ट्रंकेतला. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण औषधं, म्हणजे भरती न होता घरी घ्यायची औषधंही, मिळतात आणि वर्षाला इतकेच लाख अशी मर्यादा नाही. पण वाट ठरलेली आहे: आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, मग लष्करी किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयातला तज्ज्ञ, त्याची चिठ्ठी परत पॉलिक्लिनिकला. हातातली खासगी चिठ्ठी तिथं थेट चालणार नव्हती. वेळ लागणार होता आणि आण्णांची बाटली बारा दिवसांची, तीही अर्ध्या मात्रेनं.

चौथा पर्याय उपचारच बदलण्याचा. तीन-तीन महिन्यांच्या इंजेक्शनाऐवजी वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच केली तरी परिणाम तोच साधतो. पहिल्या रुग्णालयात हे विचारलंच नव्हतं. मी विषय काढला तेव्हा आण्णा उठून गोठ्याकडं गेले, म्हणून तो तिथंच थांबला.

काय केलं

सोमवारी ट्रंक उघडली. ईसीएचएसचं ६४ केबीच्या चिपचं कार्ड निघालं, फोटोतले आण्णा आत्ताच्यापेक्षा पंधरा किलोनं जड. मंगळवारी मुलगा बायोप्सी, स्कॅन, डिस्चार्ज कार्ड सगळं एका फायलीत लावून त्यांना पॉलिक्लिनिकला घेऊन गेला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रिपोर्ट पाहून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलच्या कर्करोग विभागाचा रेफरल दिला. तिथली तारीख मिळाली ५ मार्चची.

मधल्या आठ-दहा दिवसांचा प्रश्न होता. मुलाचं म्हणणं, सरळ चार गोळ्या सुरू करू, सहा दिवसांत संपल्या की पुण्याहून ७,४०० ची बाटली. मला ते बरोबर वाटलं नाही. प्रेडनिसोलोन बंद, बीपी किती ते माहीत नाही, आणि मी डॉक्टर नाही. शेवटी ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्याच डॉक्टरांना फोन लावला आणि आण्णांनी काय केलंय ते खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. प्रेडनिसोलोन आजच सुरू करा, बीपी मोजा, गोळ्या आहेत तशा दोन चालू ठेवा, पुण्याला रक्त तपासू द्या. बीपी निघालं १६८/९८.

पुण्यात तपासणी झाली तेव्हा पीएसए ९.६ वर आलेला होता. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद, आणि आण्णांच्या चेहऱ्यावर ‘बघा, दोनानं भागतंय’. डॉक्टरीण बाईंनी मग समजावून सांगितलं, ते मला फार आवडलं. अबिराटेरॉन अन्नाबरोबर घेतलं की रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं, आणि किती ते जेवणावर ठरतं. तेल-तूप जास्त तर जास्तच. म्हणून ते उपाशीपोटी द्यायचं, म्हणजे रोज सारखं उतरतं. याचाच उलटा फायदा घेऊन, एक गोळी हलक्या नाष्ट्याबरोबर दिली तर चार उपाशीपोटीच्या गोळ्यांइतकं काम होतं का, हे ७२ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१८ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि पीएसएवरचा परिणाम तुल्य दिसला. पैसे नसलेल्या रुग्णांसाठी काही डॉक्टर ती पद्धत वापरतात. "पण ते आम्ही मोजून-मापून करतो, आजोबा. तुम्ही स्टेरॉइड बंद करून केलंत. म्हणून बीपी वाढलं असणार, आणि पोटॅशियमही ३.२ वर उतरलंय."

इथं निर्णयाची दुसरी जागा आली. कमी मात्रा, नाष्ट्याबरोबर, डॉक्टरांच्या देखरेखीत, की पूर्ण मात्रा उपाशीपोटी? डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, सकाळी घरी काय असतं? वहिनी म्हणाल्या, कधी शिळी भाकरी-दूध, कधी कांदेपोहे, सणाला पुरणपोळी. तेव्हा ठरलं, पूर्ण मात्रा, उपाशीपोटी, कारण खर्च योजना उचलणार होती आणि नाष्टा काही रोज सारखा होणार नव्हता. शस्त्रक्रियेचंही विचारलं. आण्णांनी सरळ ‘नको’ म्हटलं. मला अजूनही वाटतं की एकदाच करून मोकळं होणं सोपं होतं. पण आता तो पैशाचा प्रश्न उरला नव्हता, मग तिथं बोलणारी मी कोण.

पहिल्या महिन्याच्या गोळ्या आणि इंजेक्शन तिथूनच मिळालं. पुढची चिठ्ठी पॉलिक्लिनिकला जमा झाली. एप्रिलमध्ये तिथं औषध शिल्लक नव्हतं; महागडं, एकाच रुग्णाला लागणारं औषध मागणी गेल्याशिवाय कपाटात येत नाही. मी मुलाला आधीच बजावलं होतं: एनए मारून घेतल्याशिवाय बाहेरून एक गोळीही घ्यायची नाही. चिठ्ठीवर त्या औषधापुढं ‘उपलब्ध नाही’, सही, शिक्का, तारीख. मगच पुण्याहून ७,४०० ची बाटली आणली, तीही पक्क्या बिलावर, बॅच नंबर आणि रुग्णाचं नाव असलेल्या. दुकानदार म्हणाला, बिलाशिवाय अजून तीनशे कमी करतो. मुलानं मोह आवरला. बिल, चिठ्ठी, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक जोडून दावा लावला. आधीच्या दोन बाटल्यांच्या बिलांवर शिक्का नव्हता, त्यामुळे ती लावून उपयोग नव्हता.

निष्पत्ती

जूनपासून गोळ्या पॉलिक्लिनिकमधूनच मिळतात. महिन्यातून एक खेप. आण्णा ती कॅन्टीनच्या खेपेला जोडतात. एप्रिलच्या बाटलीचे पैसे ऑगस्टमध्ये खात्यात आले. ऑक्टोबरमध्ये पीएसए ०.८, पोटॅशियम ठीक, बीपीला एक गोळी वाढली. पाठीचं दुखणं कमी आहे.

न मिळालेले पैसे असे: भरतीचे ६८,०००, दोन बाटल्यांचे ३७,००० आणि पहिल्या इंजेक्शनचे १०,५००. एकूण १,१५,५००. भरतीच्या बिलासाठी उशिराचं कारण देऊन अर्ज करावा असं मी सुचवलं. मुलगा म्हणाला, आत्या, आल्याची लागण तोंडावर आहे. तो नाद आम्ही सोडला.

मागे वळून बघताना

सगळ्यांत महाग चूक पहिल्या रात्रीची होती, पण त्या रात्री कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. लघवी तुंबलेल्या माणसाला घेऊन कुणी पॅनेलची यादी बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक फोन पुरला असता. आता गावातल्या पाच-सहा फौजी घरांत पॉलिक्लिनिकचा नंबर दाराच्या मागे खडूनं लिहिलाय. तेवढं या प्रकरणातून झालं.

दुकानाच्या बाबतीत मी आणखी कडक बोलेन. १८,५०० ला बाटली घेताना घरच्यांना वाटलं की वीस हजार वाचले. छापील किंमत ही कमाल किंमत असते, तिच्यावरची सूट म्हणजे स्वस्ताई नव्हे. हे जनावरांच्या बाजारात ज्याला कळतं त्यालाच औषधाच्या दुकानात कळत नाही, कारण तिथं भाव विचारायची लाज वाटते. आण्णांनी आयुष्यात एक बैल घासाघीस केल्याशिवाय घेतलेला नाही.

गोळ्या निम्म्या करण्याची गोष्ट मी वेगळी ठेवते. खर्चामुळे औषध कमी करणारा माणूस ते कधी कबूल करत नाही, विशेषतः घरचा कर्ता असेल तर. ‘गोळ्या घेताय ना?’ या प्रश्नाला उत्तर ‘होय’च येतं, आणि ते खोटंही नसतं. पहिल्या रुग्णालयात चिठ्ठी देताना कुणी ‘हे महिन्याला किती पडेल, झेपेल का?’ एवढं विचारलं असतं, तर नाष्ट्याबरोबरची कमी मात्रा किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग डिसेंबरातच डॉक्टरांच्या तोंडून आले असते. ते चोरून, बिनस्टेरॉइडचे, चहा-चपातीबरोबर आले नसते.

आणि माझा फोन. ‘असलेलं बरं’ हा सल्ला रेशनच्या तांदळाला ठीक आहे. आता भाजी चिरताना फोन आला तर आधी विळी बाजूला ठेवते आणि विचारते, नोकरी कुठं केली, पेन्शन कुणाचं येतं, ट्रंकेत काय आहे.

परवा गेले तेव्हा आण्णांनी पाकीट काढून दाखवलं. दोन्ही कार्डं एकाच कप्प्यात, कॅन्टीनचं पुढं. गोळ्या पहाटे पाचला घेतात, पाण्याबरोबर, चहा सहाला. तो मधला एक तास त्यांना फार जड जातो. चुलीपुढं बसून घड्याळाकडं बघत असतात, आणि वहिनी सांगत होत्या, पावणेसहालाच विचारतात, "झाला का गं टाइम?"